नंबर खरवडलेली रायफल

"आपा, एक रायफल सापडलीय. नंबर खरवडलाय. लगेच निघा."

एवढं बोलून सहायक निरीक्षक सविता गांगुर्डे यांनी फोन ठेवला. सकाळचे सात वाजले होते.

तबस्सुमचा चहा तसाच राहिला, आणि त्याचा राग तिला पुढचे पन्नास किलोमीटर पुरला. नाशिकमध्ये भद्रकालीतलं बंदूकदुरुस्तीचं दुकान तिच्या अब्बांचं, इब्राहिम मिस्त्रींचं. अब्बांची नजर गेल्यापासून दुकान तीच बघते. जिल्ह्यातली परवान्याची बंदूक बिघडली की या दुकानात येते, आणि एखाद्या बंदुकीचं कूळमूळ काढायचं असलं की पोलिसांचा फोनही इथंच येतो.

पेठच्या वाटेवर डोंगरात ते छोटं ठाणं होतं. थंडी अशी, की हवालदार कानाला मफलर गुंडाळून बसले होते. पायरीवर एक म्हातारी होती.

"ही झुंबरबाई," सविता म्हणाल्या. "हिचा नवरा मंगळू आत आहे. दोन दिवस झाले, बाई इथून हललेली नाही."

"केलं काय त्यानं?"

"ओढ्याकाठी बिबट्या मेलेला सापडला. एकच गोळी. परवा खबर मिळाली म्हणून मंगळूच्या घरी गेलो, तर माळ्यावर, चुलीच्या बरोब्बर वर, पोत्यात गुंडाळलेली ही रायफल. पंधरा दिवसांपूर्वी त्या बिबट्यानं त्याची शेळी नेली होती. उद्या कोठडी संपते, मग थेट तुरुंग. सिद्ध झालं तर सात वर्षंसुद्धा लागतील."

"एवढं सगळं आहे, तर मला कशाला त्रास दिलात?"

"मंगळू म्हणतो, रायफल माझी नाही. खबर देणारा कोंडाजी म्हणतो, बापजाद्यांपासून त्याच्याच घरात आहे. दोघांपैकी एक खोटारडा आहे. ही बंदूक आली कुठून तेवढं सांगा."

ठसे वगैरे आधीच घेऊन झाले होते. कुणीतरी ती नीट पुसलेली होती, त्यामुळे हाती काही लागलं नव्हतं.

तबस्सुमनं रायफल उचलली. जुनी, शिकारीची, अक्रोडाच्या दस्त्याची. गोळी आत सारायची आणि रिकामं काडतूस बाहेर काढायची जी लोखंडी खिटी असते, तिला बोल्ट म्हणतात. बोल्टच्या वरच्या बाजूला नंबर असतो. तिथं कानशीचे ओरखडे होते.

तिनं बोल्ट मागं ओढला. हलेना. पुन्हा ओढला. छे! बोटाला काहीतरी पांढरट, मेणासारखं लागलं.

"गंज?" सवितांनी विचारलं.

"गंज पांढरा असतो होय?" तबस्सुम म्हणाली आणि रायफल खिडकीत, जिथं ऊन येणार होतं तिथं, ठेवून दिली. "त्याच माळ्यावरची दुसरी एखादी वस्तू मागवा. आणि ते पोतंही दाखवा."

तासाभरात हवालदार एक वाळका भोपळा घेऊन आला. आत नागलीचं बियाणं, तोंडाला चिंधीचा बोळा. कीड लागू नये म्हणून डोंगरातली माणसं बियाणं चुलीच्या धुरात टांगतात. पायरीवरून झुंबरबाई ओरडलीच, "माझं बी हाय त्यात! सांडू नका!"

तबस्सुमनं भोपळा दोन्ही हातांनी धरला. तळवे कोळशासारखे काळे झाले. हात धुऊन तिनं पांढऱ्या फडक्यानं रायफलचा दस्ता पुसला, मग पोतं पुसलं. फडकं पांढरंच राहिलं. तिनं ते सवितांपुढं टाकलं आणि म्हणाली, "आता चहा मागवा. मी उपाशी काम करत नाही."

दुपारी उन्हानं रायफल चांगली तापली. तबस्सुमनं एका बोटानं बोल्ट ओढला आणि तो सुळकन मागं आला. सविता बघतच राहिल्या. "सकाळी तर पक्का बसला होता!"

तबस्सुमनं बोटाला लागलेलं तेल हुंगलं. लहानपणी शाळेत जाताना अम्मी वेणीला चोपडायची, तो वास.

मग तिनं पेचकस काढून रायफलचं लाकूड लोखंडापासून वेगळं केलं. "नंबर घासणाऱ्याला वाटतं, नंबर एकच असतो. हे बघा, नळीच्या पोटाशी, लाकडाआड."

आकडे स्वच्छ होते. दस्त्याच्या मानेत एक तिरपा पितळी खिळाही दिसला. तो पाहून तिनं अब्बांना फोन लावला.

"अब्बा, अक्रोडाचा दस्ता, मानेला जुनी चीर, त्यात पितळी खिळा. तिरपा."

पलीकडून म्हातारा हसला. "तिरपा माझाच. आप्पासाहेब सोनजेंची रायफल ती. जर्मन माल. मनमाडच्या रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला जाताना आप्पांच्या वडिलांना विकून गेला होता. मीच दुरुस्त केलीय. तेलाची बाटली न्यायला दर दिवाळीला आप्पांचा माणूस यायचा. कोंडाजी नावाचा."

सवितांनी टेबलावर हात आपटला. "कोंडाजी! खबर देणारा!"

दुकानाच्या रजिस्टरातला नंबर जुळला. परवान्याचे कागद निघाले. आप्पासाहेब आठ वर्षांपूर्वी वारले. 'रायफल घरात सापडली नाही' असं त्यांच्या पुतण्यानं, ललितनं, लिहून दिलेलं होतं. ओढ्यापलीकडं पर्यटकांसाठी बांधलेलं विश्रामगृह याच ललितचं. कोंडाजी आता तिथला रखवालदार होता आणि आवारातल्याच खोलीत राहायचा.

संध्याकाळी दोघांनाही बोलावणं गेलं. आधी कोंडाजी आत आला. साठीचा, खांदे पाडून उभा.

"आप्पासाहेबांच्या रायफलीला तेल कोण लावायचं?" सवितांनी विचारलं.

"मीच."

"कसलं?"

"मिस्त्रींच्या दुकानातलं. दुसरं लावलं तर आप्पा जोड्यानं मारायचे."

"ही त्यांचीच ना?"

कोंडाजीनं रायफलकडं न बघताच मान हलवली. "नाय."

"मंगळूच्या घरी तू बंदूक कधी बघितलीस?"

"शेठनी... म्हणजे लोक बोलत्यात."

"लोक की शेठ?"

"मला घराबाहेर काढतील, बाई," तो एवढंच पुटपुटला.

ललित मात्र खुर्ची ओढून ऐसपैस बसला. चाळिशीचा, उंची जाकीट, गोड बोलणं.

"काकांची रायफल? हातात घ्यायचं सोडा, मी ती लांबूनही पाहिलेली नाही. मला त्या लोखंडाची भीतीच वाटते."

"बिबट्याचा त्रास तुम्हालाही होता म्हणे?"

"छे! चार पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं, एवढंच. शेळी मंगळूची गेली."

"परवा रविवारी कुठं होतात?"

"विश्रामगृहावर. रविवारी इथं असतं कोण? सगळा पाडा बाजाराला जातो."

तो गेल्यावर सविता म्हणाल्या, "कोंडाजीच. तेल तो लावायचा, रायफल त्यानंच लंपास केली, खबरही त्याचीच. नजर बघितलीत ना त्याची?"

"बघितली. भेदरलाय तो. भेदरलेला माणूस चोरच असतो असं नाही," तबस्सुम म्हणाली. "उद्या सकाळी सातला तिघांनाही अंगणात उभं करा. रायफल आज मुद्देमालाच्या खोलीत उघड्या खिडकीपाशी राहू द्या. आतला घोडा मी काढून ठेवते, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका नको."

सकाळी अंगणात धुकं होतं. तोंडातून वाफा निघत होत्या. मंगळूला आणलं तशी झुंबरबाई पायरीवरून उठली.

"बोल्टच्या आत एक खूण आहे, ती बघायचीय," तबस्सुम म्हणाली. "कुणीतरी उघडून द्या. माझे हात गारठलेत."

रायफल आधी मंगळूकडं दिली. त्यानं ती कुऱ्हाडीसारखी धरली, खालीवर पाहिली आणि विचारलं, "ताई, उघडायचं कुठनं?" एका हवालदाराला हसू आवरेना.

मग कोंडाजी. त्याचा हात बरोबर जागेवर गेला. त्यानं बोल्ट उचलायला जोर लावला. हलेना. त्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य उमटलं. "हे असं कधी होत नव्हतं," म्हणत त्यानं दात-ओठ खाऊन हिसका दिला.

"अरे ओढू नकोस, मोडशील!" ललित ओरडला. त्यानं झटक्यात पुढं होऊन रायफल काढून घेतली, बोल्ट जाकिटाच्या आत धरला, तळव्यानं चोळला, त्यावर दोन-तीनदा तोंडाची वाफ सोडली. थोडा वेळ थांबून बोटानं अंदाज घेतला, पुन्हा चोळला. मग हलकेच बोल्ट उचलून मागं घेतला.

ललितनं मान वर केली तेव्हा सगळे त्याच्याकडंच बघत होते.

"ललितशेठ," तबस्सुम म्हणाली, "लांबूनही न पाहिलेल्या रायफलीची थंडीतली खोड तुम्हाला कशी ठाऊक?"

"ते... साधी अक्कल आहे."

"असेल. पण ती कोंडाजीला का नाही सुचली? या रायफलीला त्यानं उभा जन्म तेल लावलंय." तिनं बोल्टवरून बोट फिरवून वितळू लागलेला पांढरा थर सवितांना दाखवला. "हे खोबरेल आहे, मॅडम. थंडीत थिजतं, उन्हात वितळतं. बंदुकीची कदर असलेला माणूस तिला खोबरेल लावत नाही. कोंडाजीनं कायम आमचं तेल लावलं, म्हणून बोल्ट अडकलेला त्यानं आजच पहिल्यांदा पाहिला. हरवली म्हणून लिहून दिलेली रायफल घेऊन यांना दुकानात यायची सोय नव्हती, आणि कोंडाजीला विचारायची तर मुळीच नाही. न्हाणीघरात जी बाटली दिसली तीच ओतली. मग दर हिवाळ्यात चोळत बसावं लागलं. आठ हिवाळ्यांची सवय अंगात मुरते."

"आणि माळा?" सवितांनी विचारलं.

"त्या भोपळ्यानं माझे हात काळे केले. रायफल बापजाद्यांपासून चुलीवर असती, तर पोत्यावर बोटभर काजळी चढली असती. ती तिथं पाडा बाजाराला गेल्यावर ठेवली, त्याच रविवारी. पाडा कधी रिकामा असतो, हे तर यांनीच सांगितलं. पाहुणे पळायला लागले म्हणून बिबट्या मारला, वरचा नंबर घासला, आणि ज्याची शेळी गेली त्याच्या गळ्यात बंदूक अडकवली. पोटाखालचा नंबर यांना माहीतच नव्हता."

कोंडाजी मटकन खाली बसला. "शेठनीच सांगितलं खबर द्यायला. नाय तर खोली खाली कर म्हणाले. पाप केलं मी, मंगळूभाऊ."

ललितनं रायफल अजून छातीशी धरलेली होती. हवालदारानं ती सोडवून घेतली, तेव्हा तो चिडून म्हणाला, "काकांनी मला आयुष्यात कधी हात लावू दिला नाही तिला." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

दुपारपर्यंत विश्रामगृहावर कानस आणि उरलेली काडतुसं सापडली. कागदपत्रं होऊन मंगळू बाहेर आला. सविता त्याच्यापुढं जरा अवघडूनच उभ्या राहिल्या. "चुकलं आमचं, मंगळूदादा."

मंगळूनं टोपी काढून विचारलं, "बाई, तो वाघ कुठं ठेवलाय?"

"वनखात्यानं जाळला. तसा नियम आहे."

मंगळू पायरीवर बसला. त्याचे डोळे भरून आले. "वाघबारशीला त्याच्याच नावानं कोंबडं दिलं होतं आम्ही. शेळी नेली तर नेली, त्याचा वाटा होता तो. मला कोंडलं त्याचं काय नाय. पण तो उगाच गेला."

तबस्सुम त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

झुंबरबाई मात्र तडक टेबलापाशी गेली. भोपळा उचलून तिनं तो कानाशी नेला आणि हलवून आतल्या दाण्यांचा आवाज ऐकला. मग नवऱ्याला म्हणाली, "उठ. बी समदं हाय. घरी चल."