आमची अपोलोनिया आत निजली आहे

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट हे सांगते म्हणून माझी सख्खी मुलगी माझ्याशी धड बोलत नाही.

मी एर्मा श्पोन. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. धुक्यात, बर्फात, मागे पन्नास पोरं बोंबलत असताना. मला भास होत नाहीत. भास होणाऱ्या बाईच्या हातात कोणी आपली पोरं देत नाही.

तारीख सांगते. १२ नोव्हेंबर २०११, शनिवार.

जागा... पेनसिल्व्हेनियात, बर्क्स काउंटीतलं आम्हा श्पोनांचं जुनं शेत.

आणि रात्र नव्हती हं. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा मूळपुरुष म्हणजे योहान फेल्टन श्पोन. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठचा शेतकरी. १७३८ साली बायको आणि एक मुलगी घेऊन जहाजानं इकडे आला. जंगल तोडलं, दगडी घर बांधलं, गहू पेरला. आज आमचे चारशेच्या वर श्पोन आहेत आणि सगळे त्याचेच. त्या सगळ्यांची वंशावळ मी जमवत होते. चर्चच्या वह्या, थडगी, जुनी बायबलं... बारा वर्षं माझी तीच पूजा होती.

फेल्टनच्या बायबलात एक गंमत होती. मुलगी अपोलोनिया, जन्म १७३१, जर्मनीत. आणि पुन्हा मुलगी अपोलोनिया, जन्म १७४१, इथे.

आमच्या लोकांना यात काहीच नवल वाटत नाही. जुन्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे. नाव वाया जाऊ द्यायचं नाही, अशी रीत. मी अशी नावं शेकड्यांनी पाहिली होती.

म्हणून मी डोळे झाकून लिहून टाकलं. 'पहिली अपोलोनिया प्रवासात वारली.'

कागद नाही, पुरावा नाही. रीतच तशी, म्हणून लिहिलं.

त्यानंतर अडीचशे वर्षांत आमच्या घराण्यात एकाही मुलीचं नाव अपोलोनिया ठेवलेलं नव्हतं. मला वाटलं, लोक विसरले असतील. माझ्या लेकीला, डेनिसला, मुलगी झाली तेव्हा मी हट्टाला पेटले. नाव ठेवायचं तर अपोलोनियाच! डेनिस म्हणाली, "आई, शाळेत पोरं हसतील तिला." मी ऐकतेय कशाला? शेवटी तिनं हात टेकले. घरात आम्ही तिला पॉली म्हणायचो.

बारशाला सगळे आले. फक्त मेलन आला नाही.

मेलन माझा चुलतभाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, त्या जुन्या घरात एकटा राहणारा. तोंडाचा फटकळ. त्यानं पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यावर दोनच शब्द होते.

'नाव बदल.'

जळतो मेला, असं म्हणून मी ते कचऱ्यात टाकलं.

चार वर्षांनी त्याचा फोन आला. "माळ्यावरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद निघालाय. जुनं जर्मन आहे. शनिवारी येऊन ने. नाहीतर शेगडीत घालतो."

डेनिसची त्या शनिवारी कामाची पाळी होती. म्हणून मी पॉलीला सोबत घेतलं.

आजही वाटतं, शेजारणीकडे ठेवली असती तर...

मेलननं दार उघडलं.

"आलीस? पाय पूस."

"कशी आहेस म्हणायची पद्धत असते, मेलन."

"कशी आहेस ते दिसतंय. जाड झालीस." मग त्याची नजर खाली पॉलीवर गेली. त्याचा चेहराच उतरला. "हिला कशाला आणलीस?"

"का? तुला चावणार आहे का ती?"

तो वाकून माझ्या कानाशी आला. "नीट ऐक. या घरात हिला नावानं हाक मारायची नाही. पोरी म्हण, बाळ म्हण, गाढव म्हण. नाव नाही."

"तुझं डोकं फिरलंय."

"माझ्या बापानं मला सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. कारण मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तुझ्यासारखी मला उकरत बसायची सवय नाही."

स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी धगधगत होती. टेबलावर कॉफी होती, काकवी घालून भाजलेला केक होता. पॉलीला त्यानं मोठा तुकडा दिला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

त्या खोलीला एक मागचं दार होतं. लहानपणापासून मी ते बंदच पाहिलेलं. चौकटीत आडव्या फळ्या, त्यांवर बोटाएवढे खिळे. थंडी येते म्हणून ठोकलंय, असं आम्हाला सांगायचे.

मी चष्मा लावला आणि कागद उलगडला.

फेल्टन मरायला टेकला तेव्हा त्यानं सांगितलेलं पाद्र्यानं लिहून घेतलं होतं. मी एकेक ओळ लावून मेलनला वाचून दाखवू लागले.

'माझी थोरली अपोलोनिया समुद्रात मेली नाही.'

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"वाच की," मेलन म्हणाला.

'आमच्याकडे जहाजाच्या भाड्याला काही नव्हतं. ती सात वर्षांची असताना, इकडच्या बंदरावर उतरताच, मी तिला एका चांभाराकडे चाकरीला बांधून दिलं. एकविसाव्या वर्षापर्यंत. मग आम्ही या जमिनीवर आलो. दुसरी मुलगी झाली. थोरली काही आता परत मिळत नाही, म्हणून हिला तिचंच नाव ठेवलं. थोरलीच्या चाकरीच्या पाचव्या वर्षी, जानेवारीत, रात्री मागच्या दारावर थाप पडली. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, अपोलोनिया. मालकाकडून पळून आलेली. तिला आत घेतलं असतं तर मालक मागोमाग आला असता, मला कोर्टात उभं केलं असतं, जमीन गेली असती. मी दार उघडलं नाही. म्हणालो, आमची अपोलोनिया आत निजली आहे. तुला आम्ही ओळखत नाही. सकाळी ती दारातच होती. कडक झालेली. आम्ही तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं.'

मी कागद टेबलावर ठेवला. जिवंत मुलीला मी बारा वर्षांपूर्वी एका ओळीत मारून टाकलं होतं. तिच्या बापानं केलं तेच.

"भिंतीबाहेर एक दगड आहे," मेलन हळू म्हणाला. "नाव नाही त्यावर. गवत कापताना मी वळसा घालून जातो. बापही घालायचा."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. पॉली खुर्चीवरून उतरून शेगडीपाशी गेली होती. तिनं हात पुढे केला. लाल झालेल्या लोखंडावर आता टेकणारच...

मूल चुकलं की आमच्याकडे आया पूर्ण नावानं ओरडतात. माझ्या तोंडून निघून गेलं.

"अपोलोनिया!"

पॉलीनं हात मागे घेतला.

आणि उत्तर आलं.

पॉलीकडून नाही...

ठोकलेल्या दाराच्या मागून.

"मी इथे आहे."

आमच्या जुन्या जर्मन बोलीत. माझी आजी बोलायची तीच, पण त्याहून जुनी. मुलीचाच आवाज. घसा बसलेला.

मेलनच्या हातातला कप खाली पडला. "तुला सांगितलं होतं, बये! सांगितलं होतं की नाही?"

"कोणीतरी बाहेर आहे. शेजारची मुलगी असेल..."

"शेजार दोन मैलांवर आहे!"

टक्... टक्... टक्.

थाप दाराच्या खालच्या भागावर पडत होती. कडीच्याही खाली. गुडघ्यांवर बसून मारावी तशी.

शेगडी भरलेली होती, तरी मला माझा श्वास दिसायला लागला.

मग तो आवाज पुन्हा आला.

"आत कोण आहे?"

मेलननं ओठांवर बोट ठेवलं.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही!" मेलन ओरडला. "चालती हो इथून!"

धाड!

सगळं दार हललं. वरच्या फळीचा एक खिळा सुटून जमिनीवर पडला, गोल फिरला आणि थांबला. मग दुसरा.

ती रडत नव्हती, विनवत नव्हती. कोणी म्हणेल बिचारी लेकरू, थंडीत गारठून मेलेलं. मी त्या खोलीत होते. तो आवाज बिचारा नव्हता. इतकी वर्षं राग गिळून बसलेल्या माणसाचा होता तो.

"मी आहे," पॉली म्हणाली.

पॉलीला आमची जुनी बोली येत नाही. डेनिसलाही येत नाही. आणि ती त्या बोलीत बोलली होती.

पॉली दाराकडे चालायला लागली. मेलननं तिला कमरेला धरलं. त्र्याहत्तर वर्षांचा असला तरी बैलासारखा माणूस तो. पण चार वर्षांची पोर त्याला ओढत नेत होती. त्याचे बूट फरशीवर घासत होते.

"एर्मा, काहीतरी कर! तुझंच पाप आहे हे!"

तिसरा खिळा पडला. फळी तिरकी झाली. दाराची फट रुंदावली आणि तिच्यातून उजेड आत यायला हवा होता. बाहेर ऊन होतं ना?

फटीत काळोख होता...

मी दारापुढे जाऊन उभी राहिले. तिला काय हवंय ते मला कळलं होतं. वंशावळ लिहिणाऱ्या बाईला नाही कळणार, तर कोणाला?

मी आजीच्या बोलीत बोलले. "आत अपोलोनिया नाही. ही ती नाही. अपोलोनिया तू आहेस. नाव तुझं आहे. आम्ही चोरलं होतं. घेऊन जा. पण पोरीला सोड."

थाप थांबली.



मग दाराच्या अगदी जवळून, माझ्या पोटाच्या उंचीवर, हळूच...

"दिलं?"

"दिलं," मी म्हणाले.

पॉली मटकन खाली बसली. फटीतून उन्हाची रेघ आत आली.

मेलन बंदूक घेऊन पुढच्या दारानं घराला वळसा घालून गेला. मी त्याच्या मागे. मागच्या दाराशी वाळलेल्या पानांचा ढीग होता. महिनाभराचा, गुडघ्याएवढा. एक पान हललेलं नव्हतं.

मेलननं माझ्याकडे बघितलंही नाही. "परत येऊ नकोस," म्हणाला. पुढच्या वसंतात तो गेला. मी तिथे परत गेले ती त्याच्या दफनालाच.

गाडीत पॉलीला पट्ट्यानं बांधलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"पॉली, भूक लागली का?"

उत्तर नाही.

"पॉली?"

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, घाबरलीय. मी तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती नेहमीसारखी हसली. "काय गं आजी?"

"हाक मारतेय ना तुला! अपोलोनिया!"

"ती कोण?"

घरी पोहोचलो. डेनिसनं दारातूनच हाक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. कान तपासले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. डोकंही तपासलं. ते डॉक्टर गोड बोलणारे होते. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"नाहीये," ती म्हणाली. "आजीनं देऊन टाकलं."

डेनिसनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी रोज बघते.

आम्ही नवं नाव ठेवलं. रीतसर, कोर्टातून. एलन. ते तिला चिकटलं नाही. मग मार्था. तेही नाही. कागदावर लिहिते ती, शाळेत तेच लावते, पण ते नाव घेऊन हाक मारली तर तिला ऐकूच येत नाही. टाळी वाजवा, वळते. 'ए मुली' म्हणा, वळते. नाव घेतलं की... काही नाही. रिकाम्या खोलीत बोलावं तसं.

भिंतीबाहेरच्या दगडावर मी नाव कोरून घेतलं. वंशावळीतली ओळही खोडली. मला वाटलं, बदल्यात काही परत मिळेल. मूर्ख मी.

ती नऊ वर्षांची असताना जत्रेत हरवली. डेनिस, मी, पोलीस, भोंग्यावरून सगळे तिचं नाव घेत होतो. तीन तास. सापडली तेव्हा भोंग्याच्याच खांबाला टेकून बसली होती. डोळे सुजलेले.

"अगं, इतक्या हाका मारल्या!" डेनिस तिला कवटाळून रडायला लागली.

"तुम्ही कोणाला तरी हाका मारत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, मला कोणीच शोधत नाहीये."

आता ती अठरा वर्षांची आहे. हुशार आहे, हसरी आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजला दूर जाणार आहे, तिथे तिला कोणी ओळखत नाही. परवा माझ्या शेजारी बटाटे सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं.

"आजी, माणसाची वेळ आली ना... की वरून त्याला नावानं बोलावतात म्हणे. चर्चमध्ये सांगतात ना तसं. मला कसं बोलावतील?"

मी तिला सांगितलं की तोवर काहीतरी सुचेल.

माझ्या हातातला बटाटा अर्धा सोलून झाला होता. मी तो तसाच ठेवून बाहेर गेले.