सुगरणीचं नवं घर

त्याचं भाषण ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात माझा पाय वायरमध्ये अडकला आणि पडद्यावरचं सगळं गायब झालं.

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. मंचावरचा तो उंच, चष्मेवाला माणूस हातातलं बटण उगाच दाबत राहिला. मी खुर्च्यांच्या मधे ओणवी होऊन प्लग शोधत होते.

"सापडला का?" त्यानं माईकवरूनच विचारलं.

"सापडला... पण लावावा की नाही, विचार करतेय!"

आता सगळेच हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. पडदा काळा होण्याआधी त्यावर मोठ्या अक्षरांत मथळा होता – 'निरोप द्यायची वेळ झालेली साधनं' – आणि त्याखाली पहिलंच नाव होतं सुगरण. माझी सुगरण!

सुगरण म्हणजे वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क. पानावरचं बटण, त्यामागचा सर्व्हर, त्याही मागची माहितीची कोठी, हे सगळं जावास्क्रिप्ट या एकाच भाषेत विणता यावं म्हणून आमच्या कॉलेजातल्या सरांनी ते बनवलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. नाव त्यांनी पक्ष्यावरून ठेवलेलं. माझी आई मात्र नातेवाइकांना कौतुकानं सांगायची, "आमची मुलगी सुगरण आहे हो!" आणि माझ्या हातची कॉफी प्यायलेली मंडळी चमकून माझ्याकडे बघायची. पुढे सर निवृत्त होऊन बागेत रमले, बाकीचे नव्या चकचकीत साधनांकडे वळले. सुगरणीला सांभाळायला उरले मी एकटी.

भाषणानंतर तो कॉफीच्या टेबलापाशी आला.

"वायरवाल्या बाई तुम्हीच ना?"

"सुगरणवाली बाई. वायर चुकून."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे बापरे... म्हणजे मी तुमच्या तोंडावर –"

"निरोप दिलात. चांगला वाजतगाजत."

तो होस्टिंगच्या कंपनीत होता. सुगरणीवर बांधलेल्या बहुतेक साइट त्यांच्याच यंत्रांवर चालायच्या. "राग मानू नका," तो हळूच म्हणाला, "पण सुगरण ज्या जुन्या इंजिनावर चालते, त्याची डागडुजी आता कुणीच करत नाही. चोराला दार सताड उघडं. वर्षअखेरीला आम्ही ते इंजिन बंद करतोय."

"बंद? अहो, माझ्या आत्याची रक्तदात्यांची साइट आहे त्याच्यावर! दुर्मीळ रक्तगट लागला की जवळच्या दात्यांना निरोप तिथूनच जातात. आत्यानं सगळं आयुष्य घातलंय त्यात. तिला काय सांगू – दुसरीकडे बघ?"

तो कागदी पेला बोटांत फिरवत राहिला. मग चष्मा काढून त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. डोळे भलतेच साधे होते.

"मग तिला नवी करा ना. तुम्ही सुगरण बदला, मी तिला जागा मिळवून देतो."

"तुम्ही 'क्लाउड'वाली, ढगातली माणसं. तुमचा काय भरवसा?"

"ढगोबा म्हणा हवं तर. पण सोमवारी आमच्या ऑफिसात या."

सोमवारी मी गेले. का गेले, हे घरी सांगताना मी फक्त सुगरणीचंच कारण दिलं.

त्याच्या वरिष्ठ मॅडम कडक होत्या. त्यांनी चाचणीसाठी एक जुनं यंत्र दिलं आणि बजावलं, "चाललं तर बघू. नाही चाललं, तर रडत यायचं नाही." आम्हाला बसायला जागा मिळाली सर्व्हरच्या खोलीशेजारी. काचेपलीकडे यंत्रांची अखंड घूंऽऽ आणि अलीकडे असा गारठा, की माझी बोटं कीबोर्डवर वळेनात. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर लोकरी हातमोजे ठेवलेले होते, बोटांची टोकं नीट कापून शिवलेले.

"हे कुणी केलं?"

"ढगातून पडले असतील," तो स्क्रीनमधून मान वर न करता म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

काम डोंगराएवढं होतं. जुन्या सुगरणीत सर्व्हरला काही विचारलं, की उत्तर येईपर्यंत कोडची ती ओळ गुपचूप तिथेच थांबायची. नव्या इंजिनाला हा लपूनछपून कारभार चालत नव्हता. जिथे थांबायचं तिथे 'अवेट', म्हणजे 'वाट बघ', असं स्पष्ट लिहायचं. आणि एका ठिकाणी लिहिलं, की त्याला बोलावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी लिहा.

"म्हणजे आता वाट बघतोय हे कबूल करावं लागतं," तो म्हणाला.

"हो... मनातल्या मनात बघितलेली वाट चालत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. मग आम्ही दोघंही फार मन लावून आपापल्या स्क्रीनकडे बघू लागलो.

काही आठवड्यांतच मी थकले. एक जागा दुरुस्त करावी तर दुसऱ्या दहा फाटायच्या. एका दुपारी मी डोकं टेबलावर ठेवलं ते उचलेचना.

"मदत मागा ना," तो म्हणाला.

"कुणाकडे? सगळे गेले सोडून."

"विचारलंत कधी?"

नव्हतं विचारलं. ताठा होता माझा, दुसरं काय! त्याच्यासमोर बसूनच मी सुगरणीच्या पानावर चार ओळी लिहिल्या – सुगरण जगवायची आहे, एकटीला जमत नाहीये, या.

सकाळी उघडून बघते तर उत्तरंच उत्तरं! कुठल्याशा बंदरात जहाजांची वेळापत्रकं बघणारा एक जण, दोन पाळ्यांमधून वेळ काढणारी एक परिचारिका, अख्ख्या वर्गाला चाचण्यांना जुंपणारे एक मास्तर. त्यांचं सगळं काम इतकी वर्षं सुगरणीवरच चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता. त्या गर्दीत एक अगदी बारीकशी दुरुस्ती होती. खाली संदेश – 'एक कंस राहिला होता. हात धुऊन आलो. – सर.'

मी रडायला लागले. ढगोबा गोंधळला, रुमाल शोधू लागला आणि शेवटी त्यानं चष्मा पुसायचं फडकंच पुढे केलं.

तरी भांडण व्हायचं होतंच. नवी सुगरण त्या यंत्रावर चढली, सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत यंत्र मान टाकून पडलं. रोज तेच. मेमरी फुगत जायची, फुगत जायची आणि बंद.

"तुमचं यंत्र म्हातारं आहे!"

"तुमचा कोड हावरट आहे!"

दोन दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. ते दोन दिवस किती लांबले म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी मी धावत त्याच्या टेबलापाशी गेले. "सापडलं! लोक पान बंद करून जातात, तरी सुगरण त्यांच्यासाठी माहिती राखत बसते. कुणाला सोडतच नाही!"

"म्हणजे चूक कोडचीच," तो म्हणाला.

"माझीच."

"यंत्रही म्हातारंच आहे," तो हसून म्हणाला. "आणि मी तुमच्यावर ओरडायला नको होतं. करमलं नाही हो दोन दिवस."

त्यानंतर यंत्र पडलं नाही. मॅडमनी येऊन आलेख बघितला, पुन्हा बघितला, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तेवढ्या हसण्यावर सुगरणीला नव्या यंत्रांवर कायमची जागा मिळाली. साइट एकेक करून नव्या घरी आल्या. आत्याची सगळ्यात शेवटी ठेवली होती, रविवारच्या सकाळी. तिथे चूक चालणार नव्हती.

जुनी साइट थांबवली. माहिती नव्या जागी उतरली. आणि आता शेवटचं बटण दाबायचं, तोच आत्याचा फोन.

"अगं, हॉस्पिटलातून निरोप आलाय. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाहीये. दाते हवेत, आत्ताच्या आत्ता. साइट चालू आहे ना?"

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मागे फिरायचं तर जुनं सगळं पुन्हा उभं करायला वेळ जाणार. पुढे जायचं तर नवी सुगरण अशा जिवाच्या कामाला पहिल्यांदाच लागणार.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"तू सांग," तो म्हणाला. "तू जे म्हणशील ते."

तू! तेवढ्या घाईतही ते मला ऐकू आलं.

"पुढे," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं. पान उघडलं. पलीकडे आत्यानं रक्तगट भरला आणि निरोप सुटले... एक क्षण काहीच नाही. मग पहिली ओळ उमटली – 'निघालोय.' मग दुसरी – 'जवळच आहे, पोचते.' मग तिसरी, चौथी, एकामागून एक. जुन्या साइटवर यालाच केवढा वेळ लागायचा!

किती वेळ आम्ही तसेच बसून होतो, कोण जाणे. मग फोनमधून आत्याचा आवाज आला, "पोचले गं दाते. रक्त चढवलं. बाईचा जीव वाचला म्हणतात डॉक्टर."

मी टाळ्या पिटत उठले, त्याचे दोन्ही हात धरून गरकन फिरले, आणि मग लक्षात आलं की हात अजून सोडलेले नाहीत. त्यानंही नाही.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता तू उद्यापासून येणार नाहीस..."

"का? यायला कारण लागतं का?"

"मला एक सुचलंय कारण. पण... तू हो म्हणायला हवंस."

"आधी सांग तरी."

"मला तू आवडतेस. त्या वायरच्या दिवसापासून. प्लग हातात धरून विचार करत होतीस ना, तेव्हाच माझं काही खरं नाही, हे कळलं होतं मला."

मी नुसती मान हलवली, भराभरा, वेड्यासारखी. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की काचेपलीकडचे सगळे दिवे फिके पडले.

"अगं," टेबलावरच्या फोनमधून आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तोंडानं हो म्हण की! मला इथून मान दिसत नाहीये."

"हो!" मी ओरडले. "हो, हो, हो!"