निळी पट्टी सरकेपर्यंत

“नवीनच विंडोज टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम,” दिपेश म्हणाला, आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता जुन्या कॉम्प्युटरपुढे जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासाचं! जयश्री दाराशीच थबकली. वडील गेल्यापासून ज्या धाकट्या भावाने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, त्याला फोन करायला तिने किती दिवस मनाची तयारी केली होती... आणि तो असा उभ्या उभ्या येऊन निघून जाणार!

“नवीन नको,” ती घाईने म्हणाली. “प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, सगळं तूच जोडलेलं. पुन्हा कोण जोडंल? हाय तसंच उचलून नव्या डिस्कवर ने.”

“जुनी डिस्क मरायला टेकलीय, ताई. कॉपी व्हायला लय वेळ जाईल.”

“जाऊ दे.”

मोखाड्याच्या बाजारामागच्या या घरात, ओटीवर बसून ती पाड्यापाड्यांवरच्या लोकांचे अर्ज भरून देई, दाखले काढून देई. मशीन बंद पडली की चूलही थंड पडे, हे तर खरंच होतं. पण नव्या विंडोजवरही चार दिवसांत कामं सुरू झाली असती, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? तिला भाऊ हवा होता, आणि तो जरा वेळ बसायला हवा होता.

दिपेशने नवी डिस्क जोडली. कुठली जुनी, कुठली नवी, हे पुन्हा पुन्हा तपासलं, कारण उलटं झालं तर सगळंच पुसलं गेलं असतं. मग त्याला पडद्यावर आपलाच फोल्डर दिसला.

“माझ्या कॉलेजच्या नोट्स अजून ठेवल्यास? म्हणून तर जागा उरली नाय.”

“असू दे. त्या पण जाऊ देत नव्यावर.”

त्याने कॉपी सुरू केली. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. जुनी डिस्क मध्येच कुरकुरे, पट्टी अडून बसे, आणि दिपेश घड्याळ पाही, कारण त्याला शेवटच्या जीपने निघायचं होतं. दुसरं कुणी असतं तर देव पाण्यात घालून बसलं असतं. जयश्री मात्र मनातल्या मनात त्या डिस्कलाच विनवीत होती, हळू जा गं बाई... आणखी जरा हळू.

दिवस कलला तेव्हा कुठे पट्टी टोकाजवळ आली. त्यांच्या आईने, कोंडीने, पानं वाढली. दिपेशने पहिला घास घेतला आणि तो थांबला.

“ताईच्या ताटात रेशनचा भात कसा? माझ्यात तर घरचा हाय.”

जयश्रीने मान खाली घातली. कोंडी म्हणाली, “नव्या भाताचा पयला घास पितरांना, आन् तो पोरानं ठेवायचा. आपल्या घरची रीत तुला ठावं हाय. चुलतभाऊ ठेवतो म्हणला. मी खाल्ला. हिनं नाय खाल्ला. म्हणं, बाचा घास दिपेश ठेवंल तवाच खाईन. बा गेल्यापासून हिच्या तोंडात घरचा दाणा नाय.”

दिपेशचा हात ताटातच राहिला. इतकी वर्षं छातीत कोंडलेलं दुःख एकाएकी उसळून आलं.

“मग बा गेला त्या दिवशी का नाय सांगलंस, ताई? मी फोनवर होतो. तू म्हणालीस, सगळं बरं हाय. मला बाचं तोंड पण बघू दिलं नाय.”

“रेंजसाठी टेकाडावर चढले होते रे,” जयश्री म्हणाली. “सांगणारच होते... तेवढ्यात तूच बोललास, उद्या शेवटचा पेपर हाय. माझी जीभच उचलंना. चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं?” कोंडी एकदम म्हणाली. “बानंच जाताना तुझ्याकडून वचन घेतलं. पोराचा पेपर होऊ दे, मग कळव म्हणला.”

“आये, राहू दे. गेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा?”

दिपेश बहिणीकडे पाहतच राहिला. बापावर त्याचा राग जाऊ नये म्हणून हिने तो सगळा स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, आणि त्याने तिला बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं! केस पिकू लागले होते तिचे. हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर जीपवाला हॉर्न देत होता. निळी पट्टी केव्हाच टोकाला पोचली होती. काम पूर्ण झालं असं पडद्यावर येऊनही दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. हॉर्न थांबला, जीप घाटाकडे निघून गेली, आणि दिपेशने डोळे पुसत आपलं ताट बाजूला सारलं.

“उद्या नवा भात शिजव, आये. बाचा घास मी ठेवतो,” तो म्हणाला, आणि सरकत बहिणीजवळ येऊन बसला. “ताई, त्या दिवसाचं सांग मला. सकाळपासून सांग. काय सोडू नको.”

जयश्रीनेही आपलं ताट बाजूला सारलं.

“सकाळी बानं आंबील मागितली,” ती म्हणाली, आणि तिचा भाऊ तिच्या गुडघ्याला डोकं टेकून ऐकू लागला.