बारा फुटांवरून आलेली ओ

शेजारती झाली. दीनानाथकाकांनी समईची वात किंचित आत ओढली आणि मंदिराच्या ओसरीवरच्या पोरांना म्हणाले, "माझ्या भाच्याच्या, क्षितिजच्या, वाट्याला आलेली गोष्ट आहे. मनात देव ठेवून ऐका."

अठरा नोव्हेंबर दोन हजार सतरा. शनिवारी आलेली कार्तिकातली अमावास्या. बोंडअळीने कपाशी पोखरलेलं ते साल. क्षितिज आर्णीच्या शिवारात ड्रोन उडवून नुकसानीचे नकाशे करी. रात्री नऊला तिथल्याच एका शेतकऱ्याचा पोरगा, अमरसिंग, धापा टाकत त्याच्याकडे आला. त्याचा बाप सेवादास शेतात जागलीला, रात्रीच्या राखणीला, गेला होता, आणि फोन उचलत नव्हता.

"भाऊ, बांधावरून तीनदा हाक मारली. ओ नाई आली. तुमचं ते इमान उडवा ना!"

जागलीचा नेमच असा, की एका मचाणावरून हाक आली की दुसऱ्याने ओ द्यायचीच. ओ आली नाही म्हणजे माणूस संकटात. पलीकडच्या मचाणावरचा डोंगरसिंग मागल्या पोळ्याला वारला होता. तेव्हापासून सेवादासच्या हाकेला ओ देणारं कुणी उरलं नव्हतं.

क्षितिजने ड्रोनला टॉर्च बांधली आणि बांधावर लॅपटॉप मांडला. ड्रोन कुठे आहे, किती उंचीवर आहे, ही खबर रेडिओची जोडी आणून देई. एक ड्रोनवर, दुसरा लॅपटॉपला. नाला ओलांडताच खबर तुटली आणि ड्रोन माघारी आला.

"काहून आलं वापस?"

"रेडिओ फार भरभर बोलतोय. लांब पोचायचं तर त्याला सावकाश बोलायला लावलं पाहिजे."

"म्हंजे जागलीवानीच! लांब हाक द्याची तं शब्द ताना लागते."

क्षितिजने घाईघाईने रेडिओचा वेग उतरवला आणि ड्रोन पुन्हा सोडला. दहा चाळीस. आता पडद्यावर दर सेकंदाला ड्रोनची खबर येत होती, ओ दिल्यासारखी. एकही चुकत नव्हती.

उंची तेवढी बारा फूट दाखवत होती. ड्रोनचा उजेड तर पार झाडांच्या वर...

क्षितिजने हातातल्या रिमोटने ड्रोन बांधावर उतरवला. पाती थांबली. त्याने बॅटरी काढून हातात घेतली.

पडद्यावर ओ येतच होती.

बारा फूट. बारा फूट.

अमरसिंगने नकाशावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"भाऊ... अथी तं डोंगरसिंग काकाचं मचाण होतं. बारा फुटाचं."

"होतं?"

"त्याच लाकडाईनं... जाळलं त्याले."

दोघेही लॅपटॉप तिथेच टाकून धावले.

त्या जागेखाली, नाल्याच्या कपारीत, सेवादास पाय मोडून पडला होता. अंग गार. धुगधुगी होती.

"किती उशीर रे," तो पुटपुटला. "माह्या हाका तुमाले नाई आल्या? डोंगऱ्या तं कवाचा ओ देऊन राह्यला..."

सकाळी क्षितिजने दोन्ही रेडिओ तपासले. घाईत त्याने वेग उतरवला होता तो फक्त लॅपटॉपच्या रेडिओचा. ड्रोनवरचा जुन्याच वेगाने बोलत होता. वेग जुळत नसताना त्या दोघांना एकमेकांचं अक्षरही ऐकू येणं शक्य नव्हतं.

काकांनी समईची वात आणखी आत ओढली.

"लॅपटॉपमधली ती नोंद अजून त्याच्यापाशी आहे. दर सेकंदाला एक ओळ. बारा फूट, बारा फूट... सेवादासला खांद्यावर घेतलं त्या घटकेपर्यंत. त्यानंतर एकच ओळ आहे."

"त्या ओळीत उंची शून्य आहे."