कोणती मुळं कोणाची?

रोपं वाढवायच्या खोलीचं दार मी बाहेरून ढकललं, त्याच क्षणी त्याने ते आतून ओढलं. मी थेट त्याच्या अंगावर! दोघांचे ट्रे खाली... अल्कोहोलची बाटली उलटली, आणि ट्रेमधल्या इवल्या रोपांच्या डिशच्या झाकणांवर पेनने लिहिलेली नावं पुसून गेली.

“तुम्ही ढकललंत,” तो म्हणाला.

“तुम्ही ओढलंत म्हणून!”

शेजारच्या प्रयोगशाळेत नुकताच आलेला हा संशोधक. सगळे त्याला ‘सायटो’ म्हणायचे, कारण तो सायटोकायनिनवर काम करायचा. मी ऑक्सिनवर. दोन्ही वनस्पतींची हार्मोन्स, आणि मुळाच्या टोकाशी दोघांची कायम ओढाताण. माझं पेशींना म्हणतं, वाढत राहा. त्याचं म्हणतं, पुरे, आता काहीतरी बना. माझ्या प्रबंधाचा शेवटचा प्रयोग त्या डिशमध्ये होता. मला रडूच आलं.

“थांबू या,” तो हळूच म्हणाला. “मुळंच सांगतील. बाजूने भरपूर मुळ्या फुटल्या की तुमची. बोडकी राहिली की माझी.”

मग रोज दुपारी आम्ही दोघं एकाच भिंगाखाली डोकी घालून बसायला लागलो. त्याच्या शर्टाला साबणाचा वास यायचा.

“किती सुंदर...” एकदा तो पुटपुटला.

मी चटकन वर पाहिलं. तो डिशकडे बघत होता. की – आत्ताच तिकडे वळला होता?

“काय सुंदर?”

“मूळ,” तो म्हणाला. पण कान लाल झाले होते.

घरी ताईने हटकलं, “भाजी करपली. लक्ष कुठाय तुझं?”

“मुळांकडे.”

“मुळांसाठी कुणी रोज केस धुऊन जातं का गं? दिसायला बरी आहेत ना ती मुळं?”

मी करपलेली कढई घासायला घेतली. मलाच कुठे काही कळत होतं!

हळूहळू डिश वेगळ्या झाल्या. माझा प्रयोग वाचला. आनंद व्हायला हवा होता, पण आता उद्या दुपारी इथे यायला निमित्त काय, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

“मला दुसऱ्या संस्थेत बोलावलंय,” तो अचानक म्हणाला. “दूर आहे. जाऊ?”

“जा ना. चांगली संधी आहे.” हे मीच बोलले? इतक्या पटकन?

“बरं,” तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझं एकही काम धड होईना. शेवटी तडक त्याच्या प्रयोगशाळेत गेले. तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

“काल मी चुकीचं उत्तर दिलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे... मला माहीत नाही. संधी चांगलीच आहे. पण तुम्ही जाल म्हटलं की हातून सगळं चुकतं. आणि तुम्ही समोर असलात तरी चुकतंच! मला काही उलगडत नाहीये.”

तो खोक्याजवळून उठला. “एकदाच नीट सांगा. जाऊ की राहू?”

“राहा,” मी म्हणाले. मग पुन्हा – “तू... तू राहा.”

त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. या वेळी डिश नव्हती, भिंग नव्हतं. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“मग ‘येत नाही’ असं तूच लिही त्यांना,” तो म्हणाला. “कारण विचारलंच, तर ‘मुळं’ म्हणून सांग.”