तिसऱ्या खांबाची चूक

बाजू अ

झेरॉक्सच्या दुकानात तिच्या पुढे उभा असलेला तरुण मशीनवर चिडला होता.

"दर चौथ्या कागदाला अडखळतंय हे," तो दुकानदाराला सांगत होता. "ऐका ना. खट, खट, खट... खटक्! पट्टा सैल झालाय आतला."

"तुम्हाला कागद हवेत, का मशीनची नाडी बघायचीय?" दुकानदार म्हणाला.

मान... ती मान तिने लगेच ओळखली. गेले अकरा कार्यक्रम ती मान तिने घामेजलेली पाहिली होती, ड्रमच्या मागे, दिव्याखाली. दिवसा तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा, हे तिला माहीत होतं. ती दिवसा दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला तिचं काहीच माहीत नव्हतं.

बाहेर पावसाची सर पत्र्यावर ताशा बडवत होती. मशीनमधून त्याचा कागद बाहेर आला. तिने नको तिथे डोकावून पाहिलंच.

'ड्रमर. पाच वर्षांचा अनुभव. बँड हवा आहे.'

"पण तुम्ही तर... बँडमध्ये आहात ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"होतो. परवापर्यंत."

"मग काय झालं?"

"खांब झाला!" म्हणत त्याने खिशातून चौघडी घातलेलं एक पान काढलं. "हे वाचता का तुम्ही? 'कानोसा'?"

वाचते? आता इथे सांगायलाच हवं. या शहरात गॅरेजमध्ये, गोदामात आणि एका जुन्या हॉलमध्ये वाजवणारे आठ-दहा बँड होते. स्वतःची गाणी, स्वतःचा खर्च आणि स्वतःच चिकटवलेली पोस्टरं. कुठलंही वर्तमानपत्र त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसे. पाहायचं ते हे एक पान, पंधरा दिवसांतून एकदा. खाली सही 'तिसरा खांब', कारण हॉलमध्ये तिसऱ्या खांबापाशी आवाज सगळ्यात स्वच्छ येतो. खांब कोण, हे बँडवाल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. खांबाने पाठ थोपटली की बँड आठवडाभर हवेत तरंगायचा. खांबाने झोडपलं की त्याच हवेतून खाली पडायचा.

खांब या क्षणी ओल्या छत्रीसह त्याच्या मागे उभा होता. नव्हे, उभी होती.

"ऐका," म्हणून तो वाचू लागला. दात-ओठ खात. "'गायिकेचा आवाज या वेळी कधी नव्हे इतका वर चढला. दुर्दैवाने ड्रमरही चढला. पहिल्या गाण्यात तो वेळेवर होता, तिसऱ्यात घाईत, आणि शेवटच्या गाण्यात तर त्याची बस सुटत होती.' बस! मी सायकलने येतो!"

तिला हसू फुटलं. ते तिने छत्री झटकण्यात लपवलं.

"गायिकेने पान माझ्यासमोर धरलं. म्हणाली, खांबाचा कान खोटं बोलत नाही. माझ्या जागी आता एक डबा ठेवलाय. बटण दाबलं की ठेका सुरू." त्याने पानाची पुन्हा चौघडी घातली. "सापडू दे तो म्हातारा एकदा."

"म्हातारा?"

"म्हाताराच असणार. कानात केस वाढलेला. जन्मात कधी कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवली नसेल."

"त्याला... तसंच ऐकू आलं असेल कदाचित."

"तुम्ही होतात त्या कार्यक्रमाला?"

"होते."

"मग तुम्हीच सांगा. केली मी घाई?"

तो वळून थेट तिच्या डोळ्यांत पाहत होता. अकरा कार्यक्रम ती या नजरेची वाट पाहत होती, आणि ती आली तर अशी, फिर्याद घेऊन! ती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात दुकानदाराने काउंटरवरून मान लांब केली.

"ताई, 'कानोसा' आणलात का? नेहमीसारख्या शंभर?"

खट, खट, खट... खटक्.

"तुम्ही?" तो म्हणाला. मग, "तू?"

"हो, मी. आणि माझ्या कानात केस नाहीत."

"पाच वर्षं! पाच वर्षं वाजवतोय मी त्या बँडमध्ये. एका ओळीत घालवलीस!"

"मी मनचं लिहीत नाही! प्रत्येक कार्यक्रम टेप करते. घरी दोनदा ऐकते, मग लिहिते. पुरावा आहे माझ्याकडे!"

"दाखव मग पुरावा!"

"ये ना घरी! आज सहाला ये!"

"येतो!"

"ये!"

इतक्या तावातावाने पत्ता लिहून देऊन कुणी कुणाला घरी बोलावलं नसेल. दुकानदाराने दोघांचे कागद एकाच पिशवीत घातले आणि पिशवी तिच्या हातात दिली. 'ड्रमर. बँड हवा आहे.' पन्नास प्रती, तिच्या छत्रीखालून, तिच्या घरी गेल्या.

*

सहाला पाच कमी असताना तो आला. वेळेआधी. ("घाई," ती मनात म्हणाली.)

घरात ती आणि तिची मावशी. मावशीने दार उघडलं, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत जाऊन मुद्दाम भांड्यांचा आवाज केला.

दोघं जमिनीवर बसली. मध्ये विजेवर चालणारा मोठा टेप. हॉलमध्ये ती सेलवरचा लहान रेकॉर्डर नेत असे, आणि घरी या मोठ्या टेपवर ऐकत असे. तिने कॅसेट सरकवली. दोन गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर. दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघांनीही पाहिलं नाही.

पहिलं गाणं. त्याची बोटं फरशीवर चालू लागली.

तिसरं गाणं. बोटं थांबली.

शेवटचं. तो आपल्या हातांकडे पाहत होता, शेजाऱ्याच्या हातांकडे पाहावं तसं.

"खरंच घाई आहे," तो अगदी हळू म्हणाला. "मी... असं वाजवलं?"

ती जिंकली होती. आणि तिला तो विजय अजिबात नको होता. चिडलेला तो तिला झेपत होता. असा, हातावरचा विश्वास उडालेला, तो तिला बघवेना. तिने टेप बंद करायला हात पुढे केला.

"थांब. शेवटपर्यंत ऐकलंयस तू हे?"

"गाणी संपल्यावर काय ऐकायचं? टाळ्या?"

"राहू दे चालू."

टाळ्या आल्या. पावसासारख्या, फारच भरभर. आणि मग हॉलच्या व्यवस्थापकाचा आवाज. हा व्यवस्थापक म्हणजे सहा फुटांचा गडी. तो बोलला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तो माइकवर म्हणत होता, "मंडळी, खुर्च्या जागेवर ठेवून जा."

म्हणत होता, पण आवाज... चिमणीचा.

दोघांनी एकदमच मान वर केली.

"कोण गं ती छोटी मुलगी आलीय?" मावशीने आतून विचारलं.

त्याने कॅसेट मागे फिरवली. पुन्हा ऐकलं. चिमणी. मग त्याने तिचा लहान रेकॉर्डर उचलला, पाठीचं झाकण काढलं. आत दोन सेल. एक झळझळीत नवा. दुसरा गंजक्या टोकाचा.

"मावशी!" ती ओरडली. "माझ्या रेकॉर्डरला हात लावलास तू?"

"हात कसला! स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं होतं," मावशी पदराला हात पुसत दारात आली. "तुझ्या त्या खोक्यातला एक सेल घड्याळाला घातला आणि घड्याळाचा तुझ्या खोक्यात टाकला. थोडी धुगधुगी होती त्यात. टाकून कशाला द्यायचा?"

धुगधुगी! सेल मरत होता, टेप रखडत होती. रखडत भरलेली टेप विजेवर ऐकली की सुसाट पळणार. पहिलं गाणं ठीक, तिसरं घाईत, शेवटचं बस सुटल्यासारखं. ड्रमर चढला नव्हता. गायिकाही चढली नव्हती. सेल उतरला होता.

मावशीला परिस्थितीचा अंदाज आला आणि ती भांड्यांकडे परत गेली.

त्याला आधी हसू आलं. मग, हसता हसताच, तो संतापला. सकाळपेक्षा जास्त.

"सेलचं सोड. सेलला कान नसतात. तू तिथे होतीस! खांबापाशी. तुला तिथे घाई ऐकू आली?"

"नाही."

"मग टेपवर विश्वास ठेवलास आणि स्वतःवर नाही? शंभर कार्यक्रम ऐकलेला कान तुझा!"

"नव्हता भरवसा त्या कानावर!" तीही ओरडली. "ऐकत कुठे होते मी? बघत होते! अकरा कार्यक्रम बघतेय. तू काठ्या उचलतोस त्याच्या आधी एक श्वास घेतोस, तो मला खांबापासून दिसतो. तू वाजवलेलं सगळंच मला चांगलं वाटतं, मग मी लिहू कशी? म्हणून टेप. म्हणून तुझ्याबाबतीत दुप्पट कडक. मला वाटलं, मी... मी तुझी बाजू घेईन."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. पूर्णपणे.

"म्हणजे..." तो म्हणाला, "आवडतो म्हणून बडवलंस?"

"हो!"

"मी ड्रमवालाय, मलासुद्धा हे जमलं नसतं."

तो उठला. दारात चपला घालताना पाठमोराच म्हणाला, "छापशील हे?"

"हो."

"गायिका खाऊन टाकेल तुला. आणि खांब कोण ते सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

तो गेला. जिना उतरण्याचा आवाज तिने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. एकसारखा होता. जराही घाई नव्हती... याचाच तिला राग आला.

बाजू ब

'कानोसा', विशेष पान. पहिला खर्डा:
तांत्रिक अडचणीमुळे मागील अंकात काही अनवधानाने

(फाडला. तांत्रिक म्हणे! भित्री कुठली.)

दुसरा खर्डा:
माझ्या मावशीने घड्याळाचा

(फाडला. मावशीच्या पदराआड किती दिवस लपणार?)

तिसरा, जो छापला:

मागच्या अंकात ड्रमर घाई करतो असं मी लिहिलं. ते खोटं आहे. माझ्या रेकॉर्डरचा सेल उतरला होता, त्यामुळे टेप पळाली. गायिकेचा आवाज वर चढला हेही त्यामुळेच खोटं. ती नेहमीसारखी गायली, आणि ते पुरेसं चांगलं होतं. मी हॉलमध्ये हजर होते. माझ्या कानांना खरं माहीत होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. तिसरा खांब म्हणजे मी, दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसणारी. भांडायला येणाऱ्यांनी दहा ते पाच यावं. या ड्रमरबद्दल मी यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. का, ते त्याला सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी गायिका आली. रांगेत गाल सुजवून बसलेल्या चार पेशंटांसमोर उभी राहिली.

"माझा आवाज चढला नव्हता?"

"नाही."

"किंचितही?"

"तुझ्या जागीच होता. तिथेच छान असतो."

"मी ते पान चौकटीत लावलं होतं! आईला दाखवलं होतं!" गायिकेच्या नाकपुड्या फुगल्या. मग ती धपकन पाचव्या खुर्चीत बसली. "आणि तो मेला डबा! मी श्वास घ्यायला थांबते, तो पुढे निघून जातो. ड्रमर थांबायचा गं माझ्यासाठी. मला कधी कळलंच नाही, तो थांबायचा म्हणून."

"मग हे मला काय सांगतेस? त्याला सांग."

"सांगणारच आहे! आधी तुझ्यावर रागावून घेते."

*

रविवार, दुपारी चार. हॉल भरलेला. तिसऱ्या खांबापाशी आज सगळे वळून वळून बघत होते. दोन गिटारवाले तिच्याकडे खुन्नसने पाहून गेले. त्यांनाही जुने हिशेब होतेच. तिने मान ताठ ठेवली. रेकॉर्डर आणला नव्हता. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

ड्रमच्या मागे तो. चार दिवसांत एक शब्द नाही, एक निरोप नाही. काठ्या उचलल्या. एक श्वास घेतला. आणि त्या श्वासात सरळ खांबाकडे पाहिलं, डोळे अजून रागावलेले.

एक. दोन. तीन. चार.

तिने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला फक्त ऐकलं.

शेवटच्या गाण्याच्या टाळ्या अजून चालू होत्या, तोच तो समोर येऊन उभा राहिला. मान घामेजलेली. हातातल्या काठ्याही ठेवलेल्या नव्हत्या.

"कसं झालं?"

"मी तुझ्याबद्दल लिहीत नाही."

"लिहू नकोस. सांग."

"सांगितलं तर चिडशील."

"चिडलेलोच आहे. माझे पन्नास कागद तुझ्याकडे आहेत अजून. सांग."

तिने ओठ चावला. पण कान तिचे होते, आणि आता तिला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"शेवटच्या गाण्यात... घाई केलीस."

"माहीत आहे."

"मग का केलीस?"

"तू खांबापाशी होतीस," तो म्हणाला. "आणि गाणं संपतच नव्हतं."