दारातला तांब्या

"आई, पाय धुवा."

माधवी दारात उभी होती... सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या! घुग्घुसच्या रस्त्यावर चार पावलं चाललं तरी कोळशाच्या धुळीनं पाय काळे होतात. आणि रुखमा तर सुनेच्या बाळंतपणासाठी थेट चामोर्शीहून आली होती. तिनं तांब्याकडे पाहिलं, लुगड्याचा काठ घोट्याखाली ओढला आणि आत निघून गेली. लग्नाला दोन वर्षं झाली, ही तिसरी खेप, आणि तिन्ही वेळा हेच!

खाणीतली पाळी संपवून आलेला अश्वजित हे पाहत होता. त्याचा संयम सुटला.

"माय, तिच्या हातचं पाणी चालत नाई का तुले? दुसऱ्या समाजातली आहे म्हणून? आपल्या आज्यापंज्याले विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आन् आज तूच आपल्या घरात विटाळ मानून राह्यली!"

रुखमाच्या काळजात चर्र झालं. विटाळ! हा शब्द पोटच्या पोरानं तिला ऐकवावा... आणि ती काय सांगणार होती? की नवरा गेल्यावर आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं उभं राहून दोनशे पोरांच्या पोळ्या लाटता लाटता तिच्या पायांच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या आहेत? की रात्री पावलांत असे गोळे येतात की तोंडात पदर कोंबावा लागतो? दहावीत असताना एकदा तिचं कण्हणं ऐकून अश्वजित उठून बसला होता. "मी शाळा सोडतो, उद्यापासून कामाले जातो," म्हणाला होता. तेव्हापासून ती कण्हली नाही, आणि पाय तर कुणालाच दाखवले नाहीत.

पण गेल्या महिन्यापासून डाव्या घोट्यावरची शीर जांभळाएवढी वर आली होती, भोवतीची कातडी काळी पडून खाजत होती. असाच फुगा तिच्यासोबत पोळ्या लाटणाऱ्या कलाबाईच्या घोट्यावर आला होता. एका दुपारी तो फुटला, आणि कलाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या बसल्याच गेली... रुखमा ते विसरली नव्हती. सुनेचं बाळंतपण पार पडू दे, मग दाखवू, असं तिनं मनाला बजावलं होतं.

"चालते रे बापू, पाणी चालते मले," ती कशीबशी म्हणाली. तिनं माधवीच्या हातातून तांब्या घेतला आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत पाण्याचा आवाज थांबला होता.

"आई?" माधवीनं हाक मारली. उत्तर आलं नाही. मग दाराच्या फटीखालून पाण्याचा ओघळ आला... लाल!

अश्वजितनं दार तोडलं. पाय घासण्याची वजरी बाजूला पडलेली, आणि रुखमा भिंतीला टेकून घोट्यातून वाहणाऱ्या रक्ताकडे नुसती पाहत बसलेली. "दुखत नाई रे..." ती पुटपुटली. माधवी तिला उठवायला धावली.

"उभं नको करू! झोपव तिले!" अश्वजित ओरडला. खाणीत प्रथमोपचार शिकवले होते, ते आज कामी आले. त्यानं आईला आडवं करून पाय वर धरला. माधवीनं टॉवेल जखमेवर दाबला, आणि दवाखाना येईपर्यंत त्या पोटुशीनं हात काढला नाही.

"फुगलेल्या शिरांमुळे रात्री पायात गोळे येऊ शकतात," रुखमानं रात्रीचा त्रास सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक वेळी कारण तेच असतं असं नाही, म्हणून तर तपासून घ्यायचं असतं. किती वर्षांपासून येतात?"

"हा दहावीत होता तेव्हापासून," रुखमा म्हणाली. अश्वजितनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी रुखमा घरी आल्यावर माधवी पुन्हा तांब्या घेऊन दारात आली. रुखमा खुर्चीवर बसली आणि तिनं लुगडं आपल्या हातानं वर सरकवलं. एका पायाला पट्टी होती. दुसऱ्यावर माधवीनं हळूहळू पाणी ओतलं.

"माय, म्या तुले विटाळ मानणारी म्हटलं..." अश्वजित तिच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"हिच्या पाण्यासाठी भांडला, बरं केलं बापू. तोंड शिवून बसली, ते माही चूक."

पाय धुऊन झाला तरी माधवी उठली नाही. तिची नजर खाली होती.

"आई... माह्याबी पायाले रात्री गोळे येते. महिना झाला. ह्यायची झोप मोडंल म्हणून तोंडात उशी धरावी लागते."

रुखमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं सुनेचा गाऊन पोटरीपर्यंत उचलला. तिथं एक निळी रेघ वर निघाली होती... बारीक, नुकतीच उमटलेली.

इतकी वर्षं हूं की चूं न केलेली ती बाई अशी ओरडली की शेजारचीही दारं उघडली.

"अश्वजित! हिच्या पायाले रात्री गोळे येते! आईकतं का रे? महिना झाला! उद्या सुट्टी टाक, डॉक्टरले दाखव!"

मग तिनं तांब्यात उरलेलं पाणी सुनेच्या पायांवर ओतलं.